आपोआप बुजलेलं भोक

चाकात काटा गेला, पण बसणाऱ्याला कळलंच नाही, तर पंक्चर झालं म्हणायचं का? प्रश्न वेडगळ वाटेल. पण ट्यूबलेस टायर आल्यापासून तो खरा झालाय.

नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली जोडीनं सायकलवर अमेरिका पार केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. आता रविवारी सकाळी त्र्यंबक रस्त्याला शहरातले सायकलवाले रांगेनं दिसतात. त्यांतल्या काही महागड्या सायकलींना ट्यूबच नसते. टायर रिंगेवर घट्ट बसवतात न् आत दुधासारखा पातळ चीक घालतात. बाभळीचा काटा घुसला की हवेबरोबर चीक भोकाकडं धावतो आणि तिथंच गोठतो. भोक मोठं असलं तर मात्र चिकट रबरी दोरी आत ठासावी लागते.

आपल्या जुन्या सायकलीला ही सोय नव्हती. उतरायचं, ढकलत दुकान गाठायचं. दुकानदार ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचा, कानशीनं घासायचा, सोल्युशन लावून ठिगळ चिकटवायचा. पण ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवायचा. काटा निघाल्याशिवाय काम संपायचं नाही.

आता घराचं बघा. बांधाच्या वितीवरून भाऊ भावाला बोलतो, भाकरीवरून सासू सुनेला टोचते. तरी रात्री सगळे एका पंगतीला. लोक म्हणतात, "काय गुण्यागोविंदानं नांदतंय घर!" नांदतं, कारण कुणीतरी आत चिकासारखं फिरतंय. बहुतेक ती बाईच असते. इकडचा शब्द तिकडं जाऊ देत नाही, स्वतःचं लागलेलं बोलत नाही. टोचणाऱ्याला पत्ताच नसतो.

मग ज्याला कळलंच नाही, त्याचा काय दोष? मला वाटतं, याचं उत्तर सायकलवाल्याकडं आहे. चीक काही महिन्यांत आटतो, उन्हाळ्यात तर लवकरच. म्हणून तो भोक दिसायची वाट बघत नाही. व्हॉल्व्ह उघडून बघतो, नवा चीक भरतो. न दिसलेल्या भोकांचाही हिशेब तो धरतो.

घरात हे कोण करतं? चीक आटल्याचं वाटणीच्या दिवशीच कळतं, न् आपण म्हणतो, एवढ्याशा शब्दावरून घर फुटलं.

सोसणारीचं कौतुक करून भागत नाही. तिला विचारावं लागतं, कुणाचं काय लागलं म्हणून. विचारणाऱ्याच्या बोटाला काटा लागेल. पंक्चरवाल्याच्याही लागायचा.