चॅसी नंबर

गाडी बंद पडेपर्यंत तिच्या पोटात काय चाललं आहे याची चौकशी कोणी करीत नाही. माणसाच्या पोटाचंही तेच. चालू आहे तोवर गाडी म्हणजे गाडी आणि तात्या म्हणजे तात्या. बंद पडली की एकाचे शंभर भाग होतात, प्रत्येक भागाला नाव येतं आणि बिलात प्रत्येक नावापुढे आकडा येतो.

आता या शंभर भागांपैकी ऐंशी बदलले, तर उरते ती गाडी पहिलीच म्हणायची का? प्रश्न रिकामटेकडा वाटेल. पण आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत त्यावर दोन सभा झाल्या, आणि पहिल्या सभेनंतर चहालासुद्धा कोणी थांबलं नाही. वाचनालयांच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना एवढ्यावरून परिस्थितीची कल्पना येईल.

आमची बस पूर्वी एका कारखान्याचे कामगार वाहून नेत असे. एका सज्जनांनी ती आईच्या स्मरणार्थ वाचनालयाला दिली. अट एकच : बस असेपर्यंत दारावर आईचं नाव राहावं. आम्ही बाकडी काढली, दोन्ही अंगांना फळ्या ठोकल्या, वळणावर कादंबऱ्या अंगावर येऊ नयेत म्हणून प्रत्येक फळीला आडवी दांडी लावली आणि आर.टी.ओ.त बदलाची रीतसर नोंद केली. झालं फिरतं ग्रंथालय. तरी पहिलं वर्षभर शिफ्ट सुटायच्या वेळी कामगार तिला हात दाखवीत. घाईघाईनं आत चढत, समोर ज्ञानकोशाचे खंड पाहत आणि मुकाट्यानं उतरत.

पुढे एकेक भाग गेला. गिअरबॉक्स भंगारबाजारातून आला. रेडिएटर दुसऱ्या बसचा, सीट तिसरीची. पत्रा इतक्या ठिकाणी नवा की जुना कुठला ते आमचे ड्रायव्हरमामाच जाणत. शेवटी इंजिनही बदललं. त्याचा खर्च दुसऱ्या एका देणगीदारांनी दिला. आर.सी. बुकात इंजिनाचा नंबर नवा लागला, चॅसीचा तेवढा जुना राहिला. आर.टी.ओ.चं तत्त्वज्ञान यापुढे जात नाही. आत्मा चॅसीवर ठोकलेला असतो, असं त्यांचं मत.

इंजिनवाल्या देणगीदारांना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, बस आता माझ्या इंजिनावर चालते, तेव्हा दारावर माझ्या वडिलांचं नाव हवं. कार्यकारिणीतले निवृत्त वकील त्यांच्या बाजूचे. ते म्हणाले, "अट होती 'बस असेपर्यंत'. ती बस राहिलीच कुठं? बस संपली, अट संपली."

यावर कोणालाच उत्तर सुचेना. मलाही नाही. सभा तहकूब झाली.

त्याच आठवड्यात गुरुवारी बस वेरूळच्या पलीकडच्या एका गावी निघाली होती. तिथल्या शाळेतली पोरं दर गुरुवारी वाट पाहतात. मी हिशेबाच्या निमित्तानं बरोबर होतो. दौलताबाद मागे टाकून खुलताबादच्या चढाला लागलो, आणि इंजिन दोनदा खोकलं, एकदा हुंदका दिला आणि थांबलं. मामांनी उतरून आधी चाकांमागे दगड लावले. "एअर धरलीय," म्हणाले.

म्हणजे काय, तर डिझेलच्या नळीत हवा शिरते. डिझेल दाबलं की पुढे सरकतं. हवा दाबली की नुसती दबते. पंप बिचारा बुडबुडाच दाबत बसतो आणि इंजिन उपाशी राहतं. मामांनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप मारू लागले. आधी फेस आला, मग फसफसत डिझेल, मग बुडबुड्याविना सरळ धार. स्क्रू आवळला, सेल्फ मारला, गाडी सुरू! शंभर पावलांवर पुन्हा हुंदका. असं तीनदा झालं.

तेवढ्यात स्कूटरवरून एक पिकल्या मिशांचे गृहस्थ थांबले. "काय मामा, एअर का?"

"धरतीय परत परत."

"पाइप पाहिला का?"

गृहस्थ एस.टी.च्या चिकलठाणा वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी रबरी पाइपवरून नुसतं बोट फिरवलं आणि टोकाजवळचा केसाएवढा तडा काढून दाखवला. डिझेल बाहेर येत नव्हतं, पण हवा आत जात होती. मामांनी तेवढा तुकडा कापला, पाइप पुन्हा चढवला, क्लिप आवळली, हवा काढली. काम अर्ध्या तासाचं.

हात पुसता पुसता मी त्यांना सभेतला प्रश्न घातला. "काका, तुमच्याकडे जुन्या चॅसीवर नवी बॉडी चढवतात. मग ती गाडी जुनी की नवी?"

"रंग वाळेपर्यंत नवी," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "अहो, गावात कोण चॅसी बघतो? आज एक गाडी येते, उद्या दुसरी. लोक म्हणतात 'सातची आली'. आणि नाही आली तर सातचीच्या नावानं बोंब मारतात. डेपोनं गाडी बदलली म्हणून सात वाजायचे राहतात का?"

पैसे घेईनात. एखादं पुस्तक तरी न्या म्हटलं, तर म्हणाले, "परत द्यायला तुमची गाडी पुन्हा इथंच बंद पडावी लागेल. नको."

त्यांना कल्पना नसेल, पण ज्या शहरात त्यांनी बसगाड्यांना नवी अंगं चढवली, त्याच शहरात हा प्रश्न आधीपासून मुक्कामाला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तिथं कॉलेज सुरू केलं. त्याचं पुढे नाव मिलिंद महाविद्यालय, आणि परिसराचं नाव नागसेनवन. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातले हे दोघे. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, नागसेन भिक्षू. राजा रथातून आला. भिक्षूनं विचारलं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. मग हे सगळं सोडून रथ वेगळा कुठं आहे का? तेही नाही. या सगळ्यांच्या मेळाला आपण 'रथ' म्हणतो, इतकंच. नागसेन हेही तसंच नुसतं नाव.

इथपर्यंत आमचे वकील खूश झाले असते. पण त्याच ग्रंथात पुढे आंब्याचा चोर आहे. एकानं आंबे चोरले. पकडल्यावर म्हणाला, मालकानं लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे. मी त्याचं काय घेतलं? नागसेन विचारतो, याला दोषी म्हणायचं ना? राजा म्हणतो, अर्थात! कारण हे आंबे त्या आंब्यापासूनच आले. गंमत पाहा, 'मी' म्हणून काही कायम वस्तू आहे हे ज्यानं मानलं नाही, त्यानंही 'तो मी नव्हेच' म्हणणाऱ्याला सुटू दिलं नाही. सुटे भाग बदलता येतात, दिलेला शब्द सुटा करता येत नाही.

दुसऱ्या सभेत मी हे सगळं सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, "आंबे ठीक आहेत. कायद्याचं बोला."

मग मला बोलावंच लागलं. साहेबांच्या दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवलेली, दात नवे, गुडघा धातूचा आणि छातीत पेसमेकर. दर नोव्हेंबरात ते बँकेत हयातीचा दाखला देतात. तो देताना 'ज्यानं नोकरी केली तो मनुष्य आता राहिलेला नाही' असं त्यांनी अजून एकदाही लिहून दिलेलं नाही. ती अट, म्हटलं, पेन्शनीला लागू आणि बसला नाही, असं कसं?

सभेत पहिल्यांदाच हशा झाला, आणि साहेब त्यात सामील झाले, हा त्यांचा मोठेपणा. ठराव झाला : दारावर आईचं नाव राहील. इंजिनवाल्यांच्या वडिलांचं नाव आत, इंजिनाच्या झाकणावर.

"ते कोणाला दिसणार?" इंजिनवाले म्हणाले.

"गाडी बंद पडली की सगळ्यांना," मामा दारातून म्हणाले.

एक प्रश्न उरतोच. फिटनेससाठी गाडी दरवर्षी न्यावी लागते, आणि एक दिवस इन्स्पेक्टर चॅसीकडे पाहून मान हलवील. आर.टी.ओ.च्या मते त्या दिवशी आत्मा गेला. बस भंगारात जाईल आणि दुसरी येईल. पोरं मात्र गुरुवारी 'पुस्तकांची गाडी आली' असंच ओरडतील, आणि त्या नव्या दारावर आईचं नाव लिहावं लागेल. तसं मी इतिवृत्तात आताच घालून ठेवलं आहे. वकीलसाहेबांनी भिंगं लावलेल्या डोळ्यांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. सही तीच होती. मी जुन्या इतिवृत्ताशी ताडून पाहिली.