भुकेची पात्रता

नांदेडला गोदावरीच्या काठी, जेथे इ. स. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगांनी देह ठेवला, त्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबाच्या लंगरात येणाऱ्या माणसास त्याचे गाव, त्याची जात, त्याची मिळकत किंवा त्याचा धर्म यांपैकी काहीएक न विचारता पंगतीत बसविले जाते, आणि वाढपी पुढे आला की पोळी दोन्ही हात पसरून घ्यावयाची, एवढाच काय तो शिष्टाचार त्याला पाळावा लागतो. शेजारी बसलेला मोंढ्यातील अडत्या आहे की स्टेशनावरचा भिकारी, याची चौकशी कोणी करीत नाही. आणि त्या दिवशीचे पीठ कोणाच्या घरून आले, हेही जेवणाऱ्याला कळण्याचे कारण पडत नाही.

अन्न देताना घेणाऱ्याची पात्रता पाहावी किंवा कसे, या प्रश्नावर आपले धर्मचिंतन एकमुखी नाही. गीतेने सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र या तिहींचा विवेक सांगितला. उलटपक्षी अतिथिधर्म सांगणाऱ्या स्मृतिकारांनी दाराशी आलेल्या भुकेल्यास गोत्र वा अध्ययन विचारू नये, असा दंडक घातला. भूमी, सुवर्ण आणि गाय देताना पात्र पाहावे, अन्न देताना मात्र भूक हीच पात्रता मानावी, अशी यातून वाट काढता येते व ती मला सयुक्तिक वाटते. परंतु आचारात ती कितीशी उतरली? श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्यामुळे पैठणात एकनाथांवर ब्रह्मवृंदाचा रोष झाला, ही आख्यायिका मराठवाड्याने शतकानुशतके जपली, यावरून गावपंगतीचा रिवाज काय होता, हे उघड होते.

हाच प्रश्न आपल्या काळात सरकारी दप्तरात शिरला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांतील मुलांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली, तेव्हा आपल्याकडे मुलाच्या पदरात महिन्याकाठी ३ किलो कोरडा तांदूळ पडे, आणि तोही ८० टक्के हजेरी भरली तरच. म्हणजे हजेरीपट हाच पात्रतेचा दाखला झाला. जी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहिली, किंवा जो मुलगा सुगीत आईबरोबर कापूस वेचायला गेला, त्यांचाच तांदूळ तुटे. जेथे निकड अधिक, तेथेच कपात. शिवाय जो तांदूळ घरी जाई तो घरच्या हंडीत पडून सात-आठ तोंडांत वाटला जाई. या वाटणीबद्दल त्या माऊलीला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु ज्याच्या नावाने धान्य निघाले त्या मुलाच्या पोटात त्यातले किती गेले, हे सरकारला कधीच कळले नसते.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजविलेलेच अन्न द्यावे असा हुकूम केला, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळांत खिचडी शिजू लागली, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिला हक्काचे स्वरूप दिले. पाचवीपर्यंत १०० ग्रॅम, सहावी ते आठवीपर्यंत १५० ग्रॅम तांदूळ. लहानांना ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, असे तिचे प्रमाण ठरलेले आहे. लातूरकडच्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीपूर्वी गेलात तर पातेल्यातील पहिला घास गुरुजी घेतात आणि नोंदवहीत चवीचा शेरा लिहितात, हे दिसेल. यजमानाने सर्वांच्या शेवटी जेवावे, हा आपला जुना रिवाज. येथे तो उलटा झाला, कारण हा यजमान बिनभरवशाचा आहे, याची सरकारलाच खात्री असावी! ते काही असो. पुढे ओसरीत मुले रांगेने बसतात, आणि काल कोण गैरहजर होते हे न विचारता मदतनीस बाई प्रत्येकाच्या ताटलीत डाव रिकामा करतात. रेशनच्या दुकानात शिधापत्रिका आणि अंगठा लागतो. या ओसरीत बसलेले असणे पुरते.

मुले खिचडीसाठी शाळेत येतात, विद्येसाठी नव्हे, असा कुत्सित शेरा सुशिक्षितांच्या बैठकीत ऐकू येतो. अशांनी छांदोग्य उपनिषदातील उद्दालकाची गोष्ट आठवावी. त्याने श्वेतकेतूला पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवले आणि मग वेद म्हणावयास सांगितले. मुलाला एक ऋचा आठवेना. जेवून आल्यावर सारे आठवले. मन अन्नमय आहे, हा सिद्धान्त त्या पित्याने व्याख्यानाने नव्हे, प्रयोगाने पटविला. तेव्हा विद्येसाठी आणि अन्नासाठी येणे हे दोन निराळे हेतू आहेत, हे गृहीतच मला कच्चे वाटते.

आणि तरीही पात्रतेची आणि दातृत्वाची भाषा मागल्या दाराने परत येतेच. २०२३ च्या अखेरीस राज्याने आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यास केळे, असे ठरविले. काही धर्मनिष्ठांनी हरकत घेतली. हजूर साहिबाचा लंगर शाकाहारी आहे, तो सर्वांना एका पंगतीत बसता यावे म्हणून. शाळेने केळ्याचा पर्याय ठेवून तोच हेतू साधला होता. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अंड्यासाठीची सरकारी तरतूद बंद झाली, आणि शाळांनी ते लोकसहभागातून मिळवावे असे सांगण्यात आले. जे हक्काचे होते ते पुनश्च दानाचे झाले, आणि ज्या गावात दाता नाही तेथील मुलाने आपली भूक कोणाच्या दाराशी सांगावी, याचा उल्लेख कोणी केला नाही.

असे दातारहित गाव शोधायला दूर जावे लागत नाही. कंधार-मुखेडच्या आणि जळकोट-अहमदपूरच्या डोंगरपट्ट्यातील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि पोरे कोयत्यामागे जातात. जी मागे राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत. पण तीही याद्या आणि मंजुऱ्यांच्या फेऱ्यातून उघडतात. कारखान्याच्या तळावरील मुलाने जवळच्या शाळेत जाऊन बसावे, यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची आडकाठी नाही, दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. आडकाठी आहे ती पटावर नाव नसलेल्या पोराचा तांदूळ कोणत्या खाती टाकावा, या मुख्याध्यापकाच्या धास्तीची. आणि ती दूर करण्यास मंत्रालयातून दोन ओळींचे परिपत्रक निघाले तरी पुरे आहे.