भावाची ओळ

अमेरिकेच्या मेन राज्यात, बँगॉर शहराच्या आसपास दोन मराठी भाऊ राहत होते. थोरला शहरातल्या इस्पितळाच्या हिशेब खात्यात होता. पगार भक्कम, घर नवं. धाकट्याचं वीस मैलांवरच्या खेड्यात छोटं उपाहारगृह होतं आणि राहायला शंभर वर्षांचं लाकडी घर, ज्याच्या प्रत्येक खिडकीतून वारा आत यायचा. आई दोघांकडे आळीपाळीनं राहायची. ती जळगाव जिल्ह्यातली. नवऱ्याची कापसाची शेती होती आणि घरच्या जमाखर्चाची वही चाळीस वर्षं तिच्याच हातात होती.

अमेरिकेत तेल जाळून घर तापवणारी बहुतेक कुटुंबं याच ईशान्य कोपऱ्यात आहेत. मेनमध्ये तर तेव्हा निम्म्याहून जास्त घरं तेलावर तापत, कारण नैसर्गिक वायूच्या नळ्या खेड्यापाड्यांत पोचलेल्याच नाहीत. तळघरात 275 गॅलनची लोखंडी टाकी, शेजारी बॉयलर. हे तेल जवळपास डिझेलच असतं. रस्त्यावरचा कर त्याला लागत नाही, म्हणून ओळखू यावं यासाठी त्यात लाल रंग मिसळतात. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत टँकर येऊन टाकी भरून जातो. आणि दर उन्हाळ्यात, लोक समुद्रावर जायच्या गडबडीत असतात तेव्हा, तेलवाल्याचं पत्र येतं: येत्या हिवाळ्याचा भाव आत्ताच बांधून घ्यायचा का?

पत्रात साधारण तीन वाटा असतात. एक, सगळे पैसे आत्ता भरा, हिवाळाभर त्याच भावानं तेल घ्या. दुसरी, गॅलनमागे थोडं जादा शुल्क द्या. भाव ठरलेल्या मर्यादेच्या वर जाणार नाही, आणि बाजार उतरला तर तुम्हालाही उतरता भाव मिळेल. तिसरी, भाव बाजाराचाच, पण वर्षाच्या खर्चाचे सारखे मासिक हप्ते.

2021च्या जुलैत दोघांकडे पत्र आलं. बांधलेला भाव होता 2.89 डॉलर. थोरल्यानं संगणकावर आलेख उघडला. आदल्या वर्षी करोनात हेच तेल दोन डॉलरच्या खाली गेलेलं त्यानं पाहिलं होतं. "येईल परत खाली," तो म्हणाला आणि पत्र बाजूला ठेवलं.

धाकट्यानं आलेख पाहिला नाही, कारण त्याला तो वाचता येत नव्हता. त्यानं मागच्या हिवाळ्याच्या पावत्या काढल्या. आठशे गॅलन लागले होते. म्हणजे तेवीसशे डॉलरच्या आसपास, आणि छपरासाठी साठवलेले चोवीसशे त्याच्याकडे होते. भाव चारवर गेला तर बत्तीसशे कुठून आणायचे, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. करोनानं उपाहारगृहाचा गल्ला खरवडून नेला होता. छप्पर आणखी एक वर्ष टिकेल असं म्हणून त्यानं पैसे भरून टाकले.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. मार्चमध्ये मेनमधलं तेल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं. थोरल्याची एक टाकी भरायला बाराशेच्या वर मोजावे लागले. धाकट्याच्या दारात तोच टँकर उभा राहायचा आणि त्याच्या पावतीवर 2.89 लिहिलेलं असायचं.

त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला आसपासची मराठी कुटुंबं जमली. श्रीखंडाच्या वाटीबरोबर ही गोष्ट सगळीकडे फिरली. "तू कसं ओळखलंस?" जो तो धाकट्याला विचारू लागला. पहिल्यांदा तो म्हणाला, "ओळखलं काही नाही." तिसऱ्याला म्हणाला, "थोडा अंदाज होता." घरी जाईपर्यंत तो अंदाज त्याला स्वतःलाच खरा वाटू लागला होता.

इथे मला थांबावंसं वाटतं. चांगल्या माणसांचं नुकसान बऱ्याचदा अशा कौतुकानं होतं. त्यानं जे खरोखर नीट केलं होतं, पावत्या काढणं, शिल्लक मोजणं, छपराचं काम पुढे ढकलणं, त्याबद्दल कुणी त्याला चांगलं म्हटलं नाही. युद्ध त्याच्या हातात नव्हतं, आणि शाबासकी मिळाली ती युद्धाची.

2022च्या उन्हाळ्यात पत्रं लवकर आलीच नाहीत. बाजार इतका हेलकावत होता की कित्येक विक्रेत्यांनी भाव बांधून द्यायला नकार दिला. धाकट्याच्या तेलवाल्यांचं पत्र ऑगस्टमध्ये आलं: 4.99 डॉलर. त्यानं भावाला फोन लावला. "दादा, हे सातवर जाणार. मी आठशेच्या आठशे बांधतोय. क्रेडिट कार्डावर घेतो. तूही घे." मार्चच्या बिलानं पोळलेला थोरलाही तयार झाला.

आई तेव्हा धाकट्याकडे होती. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "सातवर जाणार हे तुला कुणी सांगितलं?"

"गेल्या वर्षी नाही का माझं बरोबर आलं?"

"गेल्या वर्षी तुला भाव कळला म्हणून तू पैसे भरलेस का? भाव वाढला तर आपण भरू शकणार नाही, एवढंच तुला कळलं होतं. ते बरोबर होतं. लढाई झाली नसती, तेल दोन रुपयांवर आलं असतं, तरी ते बरोबरच होतं." आई डॉलरला रुपयेच म्हणायची. "आता वही आण."

वहीत तिनं त्याच्याकडून चार गोष्टी लिहून घेतल्या. तेल किती लागतं. हातात रोख किती आहे. कार्डाचं व्याज किती. उरलेलं तेल ते परत घेतात का. पहिल्या तीन ओळींतच त्याचा चेहरा उतरला. रोख दोन हजार होते, आणि कार्डाचं व्याज धरलं तर 4.99 चा भाव साडेपाचच्या पुढे जात होता. चौथ्या ओळीचं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं. करारात ते होतं, पण गेल्या वर्षी त्यानं करार वाचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो तेलवाल्यांच्या कचेरीत गेला. कचेरी म्हणजे गावातल्याच एका कुटुंबाचा धंदा: तीन टँकर आणि गल्ल्यावर मालकाची मुलगी. तिनं सगळं सांगितलं. "तुम्ही चारशे गॅलन बांधलेत की त्याच आठवड्यात मी घाऊक व्यापाऱ्याकडे चारशे गॅलनचा सौदा करते. तुमचे पैसे घेऊन मी भाव पडायची वाट बघत बसत नाही. आगाऊ रक्कम घेणाऱ्यानं मागे तेलाची किंवा तारणाची तजवीज ठेवलीच पाहिजे, असा इथला कायदा आहे. कमाल भावाची हमी हवी असेल तर त्यासाठी मला बाजारात विम्यासारखा हक्क विकत घ्यावा लागतो, आणि यंदा तो फार महाग आहे. म्हणून शुल्कही जास्त आहे. उरलेल्या गॅलनचे पैसे मोसम संपल्यावर परत मिळतात, हे कराराच्या मागच्या पानावर आहे."

त्यानं तिथेच उभं राहून मागचं पान वाचलं. मग चारशे गॅलन बांधले, हातातल्या रोख रकमेत बसतील एवढेच. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने, ज्यांत त्याच्या घरी निम्मं तेल जळतं आणि उपाहारगृहात गिऱ्हाईक सर्वांत कमी असतं, त्यांची सोय झाली. उरलेलं तेल बाजारभावानं, पण टाकी रिकामी व्हायच्या आधी टँकर आपोआप येईल अशा नोंदणीवर.

थोरल्याला आई म्हणाली, "तुला सातचा भावही परवडतो. तू बांध नाहीतर नको बांधू, तुझं घर बुडत नाही." त्यानं बांधला नाही. त्याच्यापुरता हा निर्णय चुकीचा नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते भाव न बांधल्यामुळे झालेलं नाही.

नोव्हेंबरात भाव पुन्हा पाचाच्या वर गेला, आणि डिसेंबरपासून उतरू लागला. जानेवारी संपताना तो सव्वाचारच्या आसपास होता. धाकट्याचे दीडशे गॅलन अजून 4.99 नं यायचे होते. गेल्या पाडव्याला पाठ थोपटणारेच आता म्हणू लागले, "यंदा फसलास की रे!" ते त्याला लागलं. एका सकाळी तो कचेरीत गेला आणि म्हणाला, "बाजार उतरलाय. माझ्या उरलेल्या तेलाचा भाव थोडा कमी करा."

मालकाची मुलगी चिडली नाही. तिनं विचारलं, "गेल्या मार्चमध्ये तेल पाचावर गेलं होतं. तेव्हा मी तुम्हाला फोन करून 2.89 च्या वर एक सेंट तरी मागितला होता का?"

तो काही बोलला नाही. जाताना त्यानं तिला, उपाहारगृहात जेवायला या, एवढं सांगितलं.

त्याच आठवड्यात जळगावहून मामाचा फोन आला. 2021-22च्या हंगामात कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला होता. म्हणून यंदा मामानं, गावातल्या अनेकांसारखाच, कापूस विकला नव्हता. घरात, ओट्यावर, पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत कापूस भरला होता. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती आणि भाव आठ हजारांपर्यंत उतरला होता. "दहा होईल म्हणून थांबलोय," मामा म्हणाला. आईनं विचारलं, "सोसायटीचं कर्ज?" पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "निम्मा तरी विक रे भाऊ. कर्जाएवढा विक आणि राहिलेल्यावर थांब."

आई तेव्हा थोरल्याकडे आली होती. थोरल्यानं हे बोलणं ऐकलं, पण तो त्या वेळी आलेखाकडे बघत होता. तेल दर दोन-चार दिवसांनी पाच-दहा सेंटनं उतरत होतं. त्यानं आपोआप टँकर येण्याची नोंदणी काढून टाकली होती. हवं तेव्हा फोन करून मागवायचं, म्हणजे तळाचा भाव साधता येईल. टाकीवरचा काटा अष्टमांशावर आला होता. "सोमवारी आणखी उतरेल," तो म्हणाला.

3 फेब्रुवारी 2023, शुक्रवार. त्या रात्री उत्तर ध्रुवाकडची हवा मेनसकट सगळ्या न्यू इंग्लंडवर कोसळली. शेजारच्या न्यू हॅम्पशरमधल्या माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे 108 अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे 78 सेल्सिअस नोंदली गेली. बँगॉरमध्ये पारा शून्याखाली वीस सेल्सिअसच्याही खाली गेला. असल्या थंडीत बॉयलर थांबत नाही, आणि अष्टमांश टाकीचा त्यानं बांधलेला हिशेब नेहमीच्या फेब्रुवारीचा होता. रात्री एक वाजता बॉयलर बंद पडला. तेल कंपनीच्या फोनवर उत्तर मिळालं: नोंदणीवाल्या घरांनंतर, रविवारी नाहीतर सोमवारी. नळ गोठून फुटायला तेवढा वेळ लागत नाही.

त्यानं धाकट्याला फोन केला.

धाकट्यानं वाटेतल्या रात्रभर चालू असणाऱ्या पंपावर डिझेलचे दोन पिवळे कॅन भरले. जुन्या घरात राहणाऱ्यांना ठाऊक असतं की अडचणीच्या वेळी बॉयलर साध्या डिझेलवर चालतो. वीस मैलांना त्याला तास लागला. बाहेरच्या भरणनळीतून दहा गॅलन ओतताना त्याची बोटं हातमोज्यांतही बधिर झाली. मग तळघरात जाऊन त्यानं पाना लावला, नळीत शिरलेली हवा फसफस करत काढली आणि बटण दाबलं. दोनदा नुसताच घरघरला, तिसऱ्यांदा बॉयलर पेटला. आई दोन गोधड्या पांघरून जिन्यावर बसली होती.

थोरला म्हणाला, "भाव तर खरंच उतरत होता रे."

"उतरत होता ना दादा," धाकटा म्हणाला. "माझे दीडशे गॅलन अजून 4.99 नंच येतायत."

"मग तू काय मिळवलंस?"

धाकट्यानं पान्यावरचं तेल पुसलं. "मी गेले दोन महिने भाव बघितलाच नाही. उपाहारगृहाचं नवं पदार्थपत्रक केलं, छपराचे तीन अंदाज मागवले. पैसे थोडे जास्त गेले, ते मला माहीत होतं तेवढेच गेले."

थोरला हिशेब खात्यातला माणूस. त्यानं मनात दीडशे गॅलनचा फरक काढला: शंभर-सव्वाशे डॉलर. सोमवारी टँकर आला तेव्हा त्यानं टाकी भरून घेतली आणि कंपनीला फोन करून आपलं नाव पुन्हा नोंदणीवर घातलं. त्या दिवशीचा भाव काय होता ते त्यानं पावतीवर पाहिलं, आणि पावती फाइलमध्ये लावली. उन्हाळ्यात त्यानं माळ्यावर जाड इन्शुलेशन घालून घेतलं. तेल कमी लागेल, भाव कितीही असो.

जूनमध्ये तेलवाल्यांचं नवं पत्र आलं तेव्हा आई पुन्हा धाकट्याकडे होती. त्यानं चष्मा लावला, वही उघडली आणि आधी गेल्या वर्षी लागलेले गॅलन लिहिले, मग बँकेतली शिल्लक, मग छपराचा पहिला हप्ता. पत्राचं मागचं पान वाचलं. आईनं चहा आणून ठेवला आणि विचारलं, "भाव काय दिलाय यंदा?"

"अजून बघितला नाही," तो म्हणाला, आणि चारशेचा आकडा लिहून झाल्यावर त्यानं पत्र उलटलं.