उरलेले पाणी

शास्त्रपाठ : यहेज्केल ३४:१७-२२; उत्पत्ति १३:५-१३; लूक १०:५-८



जगातील सर्वांत चांगले बेट कोणते, ह्याचे उत्तर दरवर्षी छापून येते. परदेशात केवळ प्रवासाला वाहिलेली मोठमोठी मासिके आहेत. त्यांपैकी ‘काँडे नॅस्ट ट्रॅव्हलर’ ह्या अमेरिकन मासिकाने १९८८ पासून वाचकांचा कौल घेऊन अशा याद्या छापण्यास सुरुवात केली. ‘ट्रॅव्हल अँड लेझर’ नावाचे दुसरे मासिकही अनेक वर्षे तेच करीत आले आहे. बेटे, शहरे, हॉटेले, बोटी, विमान कंपन्या, सर्वांचे क्रमांक लागतात. पुढे ते क्रमांक आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत येतात, सहली नेणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत येतात आणि आता तर मुलांच्या हातातल्या फोनवर येतात. बाली, मालदीव, फुकेत ही नावे पूर्वी भूगोलाच्या पुस्तकातही क्वचित भेटत. आज आपल्या मंडळ्यांतील घरांत मे महिन्याच्या सुटीचा विषय निघाला की ती ऐकू येतात. कोणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जाऊन येतो, कोणी हप्त्यांनी पैसे भरून जातो.

एवढ्यावरून आम्ही प्रवासाविरुद्ध बोलावयास उभे आहोत असे कोणी समजू नये. आपले शास्त्र प्रवाशांनी भरलेले आहे. अब्राहाम तंबूत राहिला, पौलाने तर गलबते फुटेपर्यंत प्रवास केला. आणि आपल्या मराठी मंडळीतील पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला व १८८६ साली अमेरिकेला गेल्या. अमेरिकेविषयीचे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ साली निघाले. त्याच्या नावात ‘लोकस्थिति’ हा शब्द आधी येतो आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. हा अनुक्रम आम्हांस फार आवडतो. आधी तेथली माणसे कशी राहतात ते पाहावे, मग आपण काय काय पाहिले ते सांगावे!

मासिकांच्या याद्यांत अनुक्रम निराळा असतो. वाचकांपुढे प्रश्नपत्रिका ठेवतात. बेटाला गुण द्यावयाचे ते किनाऱ्याबद्दल, पाहण्यासारख्या स्थळांबद्दल, जेवणाबद्दल, दिलेल्या पैशाचे चीज झाले की नाही ह्याबद्दल. सारे रकाने पाहुण्याला काय मिळाले ह्याचेच आहेत. ह्यात लबाडी काही नाही. चार रात्री राहिलेला मनुष्य दुसरे सांगणार तरी काय? पण एका रकान्याशी आम्ही थबकतो. तेथील लोक किती मनमिळाऊ आहेत, ह्यालाही गुण असतात. म्हणजे माणसाचे हसणे हे समुद्राच्या रंगाबरोबर आणि कोळंबीच्या चवीबरोबर एकाच तराजूत! आपल्या मंडळ्यांतील, विशेषतः गोव्याकडील, कित्येक घरांतले मुलगे हॉटेलांत आणि बोटींवर कामाला आहेत. त्यांच्या आयांना ठाऊक आहे की ते हसणे रोज बारा तास टिकवावे लागते, घरून तारेसारखा वाईट निरोप आला तरी टिकवावे लागते.

आता उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायाकडे वळू. अब्राम आणि लोट ह्यांची गुरेढोरे वाढली, जागा पुरेना, गुराख्यांची भांडणे होऊ लागली. चुलत्याने पुतण्याला आधी निवड करू दिली. लोटाने डोळे वर करून पाहिले. यार्देनेची तळवट भरपूर पाण्याची होती, जणू परमेश्वराची बागच. त्याने ती पसंत केली आणि निघाला. शास्त्रलेखक त्याच्यावर रागावत नाही. तो फक्त पुढच्याच वचनांत एक गोष्ट सांगतो, जी लोटाने विचारलीच नव्हती : तेथे कोण राहतात व कसे राहतात. लोटाच्या यादीत पाण्याचा रकाना होता, गवताचा होता, माणसांचा नव्हता. दाखला येथवरच ताणावा. सदोमाचे लोक दुष्ट होते, आजच्या यादीतल्या बेटांवरील लोक बिचारे तसे नाहीत. सारखेपणा आहे तो पाहण्याच्या रीतीत. डोळे वर करून दुरून पाहिले म्हणजे हिरवळ दिसते, माणूस दिसत नाही.

ह्या पाहण्याचे पुढे काय होते, हे एका खऱ्या ठिकाणावरून पाहू. फिलिपाईन्स देशात पनाय ह्या मोठ्या बेटाच्या टोकाला बोराकाय नावाचे चिमुकले बेट आहे, सगळे मिळून सुमारे १० चौरस किलोमीटर. त्याच्या पश्चिमेला सुमारे ४ किलोमीटर लांबीचा किनारा, पिठासारख्या पांढऱ्या वाळूचा. २०१२ साली ‘ट्रॅव्हल अँड लेझर’च्या वाचकांनी ह्या बेटाला जगातील बेटांत पहिला क्रमांक दिला. पाहुणे पूर्वीही येतच होते, पुढे आणखी वाढले. २०१७ ह्या एका वर्षात २० लाखांच्या आसपास माणसे त्या दहा चौरस किलोमीटरांवर येऊन गेली. इतक्यांच्या न्हाण्याधुण्याचे आणि संडासांचे पाणी जाणार कोठे? कित्येक हॉटेले व खानावळी मैलापाण्याच्या नळाला जोडलेल्याच नव्हत्या. पावसाच्या पाण्यासाठी केलेल्या गटारांतून ते पाणी थेट समुद्रात जाई. ज्या समुद्राला पाहुण्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले होते, त्याच समुद्रात! फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या देशाचे तेव्हाचे अध्यक्ष दुतेर्ते ह्यांनी बोराकायला जाहीरपणे घाणीचा हौद म्हटले, आणि २६ एप्रिलपासून सहा महिने ते बेट पाहुण्यांना बंद केले.

पाहुण्यांचे काय बिघडले? त्यांनी त्या वर्षी दुसरे बेट धरले. यादीत दुसरा क्रमांक असतोच. बिघडले ते खोल्या झाडणाऱ्या बायांचे, होडीवाल्यांचे, किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्यांचे. हजारो लोकांची रोजी एका दिवसात थांबली, आणि पुष्कळांना बेट सोडून गावाकडे परतावे लागले. ज्यांनी ते पाणी सर्वांत कमी घाण केले असेल, त्यांनाच त्याची झळ सर्वांत आधी लागली.

ह्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. बोराकायचे मूळ रहिवासी आती नावाचे आदिवासी. हॉटेले वाढत गेली तसे ते आपल्याच बेटाच्या कडेला ढकलले गेले. २०११ साली सरकारने त्यांना दोन हेक्टरांहून किंचित अधिक जमीन वडिलोपार्जित म्हणून लिहून दिली; त्या तुकड्यावरही दुसरे हक्क सांगत होतेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये आतींच्या एका तरुण पुढाऱ्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. पहिल्या क्रमांकाला अजून वर्षही झाले नव्हते. यादीमुळे हा खून झाला असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की ‘लोक मनमिळाऊ’ ह्या रकान्यात गुण भरले जात होते, त्या दिवसांत त्याच बेटावर हेही चालले होते, आणि ते भरण्यास त्या प्रश्नपत्रिकेत जागा नव्हती.

आता यहेज्केल संदेष्ट्याचे ऐकू. त्याच्या चौतिसाव्या अध्यायाचा पूर्वार्ध आपल्याला पाठ आहे. तेथे मेंढपाळांना, म्हणजे राज्यकर्त्यांना व पुढाऱ्यांना, खडसावले आहे. ते कळपाला चारीत नाहीत, स्वतःच चरतात. हा भाग वाचताना आपण माना डोलावतो, कारण तो दुसऱ्याविषयी आहे. पण सतराव्या वचनाशी संदेष्टा एकदम वळतो आणि मेंढरांशीच बोलू लागतो. काही मेंढरे पुढे घुसतात, उत्तम कुरणात पोटभर चरतात आणि राहिलेल्या चाऱ्यावरून चालत जातात. स्वच्छ पाणी पितात आणि त्याच पाण्यात पाय घालून उभी राहतात. मागून येणाऱ्या अशक्त मेंढरांच्या वाट्याला तुडवलेला चारा व चिखल येतो. परमेश्वर म्हणतो, हा न्याय मी मेंढरामेंढरांमध्ये करीन.

पाणी प्यालात म्हणून येथे कोणालाही दोष दिलेला नाही. तहान हे पाप नव्हे, आणि चांगले कुरण आवडणे हेही नव्हे. प्रश्न पिऊन झाल्यानंतरचा आहे. ह्या मेंढरांनी दुष्टाव्याने काही केले असेही दिसत नाही. त्यांनी मागे वळून पाहिले नाही, बस्स.

कोणी म्हणेल, हॉटेलवाल्यांनी नळ जोडले नाहीत, सरकारने पाहिले नाही, ह्यात चार दिवसांच्या पाहुण्याचा काय दोष? वाजवी प्रश्न आहे. मेंढपाळांचा दोष संदेष्ट्याने लपवला नाही, अध्यायाची सुरुवातच त्याने केली आहे. पण तेवढ्यावर तो मेंढरांना सोडूनही देत नाही. २० लाखांतला एक म्हणून माझा वाटा तो कितीसा, ही समजूत मोठी सोयीची असते. १९७० च्या दशकात आशिया खंडातील मंडळ्यांच्या परिषदेने, ‘ख्रिश्चन कॉन्फरन्स ऑफ एशिया’ने, प्रवाशांसाठी आचारसंहिता काढली होती. तीत नेमके हेच सुचवले आहे की येणाऱ्या हजारोंपैकी आपण एक आहोत ह्याचे भान ठेवावे. स्वस्तात मिळालेली वस्तू कोणाच्या तुटपुंज्या मजुरीमुळे स्वस्त झाली, ह्याचाही विचार तीत आहे. आपल्या मंडळ्यांत ही संहिता फारशी कोणी वाचलेली नाही. युरोप-अमेरिकेच्या प्रवाशांसाठी ती आहे असे वाटून आपण ती बाजूला ठेवली असेल. त्या वेळी आपण यजमान होतो. आता आपणही पाहुणे झालो आहोत.

यजमान असणे म्हणजे काय, हे गोव्यातील आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९८० च्या दशकात किनाऱ्यावरील गावांनी पंचतारांकित हॉटेलांविरुद्ध आवाज उठवला, त्यात पाण्याचा प्रश्न होताच : गावाच्या घागरी रिकाम्या आणि पलीकडे हिरवळीवर कारंजी. गोवेही परदेशी मासिकांच्या याद्यांत झळकत आले आहे. तेथील बंधू ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणतात, म्हणून त्यांनी बालीला जाताना इतरांपेक्षा अधिक जाणते पाहुणे व्हावे, अशी अपेक्षा करणे गैर होणार नाही.

पाहुण्याने कसे वागावे हे प्रभूने स्वतः सांगितले आहे. लूकाच्या दहाव्या अध्यायात त्याने सत्तर जणांना पाठवले. ते सहलीला निघाले नव्हते हे आम्ही जाणतो, पण परक्याच्या घरी उतरणार होते. त्याने त्यांना प्रथम त्या घराला शांती इच्छिण्यास सांगितले. वाढतील ते खावे, त्याच घरी राहावे, एका घरातून दुसऱ्या घरी जात बसू नये. ही शेवटची आज्ञा किती बारकाईची आहे पाहा! शेजारच्या घरी जेवण चांगले, अंथरूण मऊ, असे कळल्यावर पाहुण्याने बिऱ्हाड हलवावयाचे नाही. तेव्हा गावात घरांना क्रमांक लागत नसतील, पण मनात लागतच असतील, आणि प्रभूला माणसाचे मन ठाऊक होते.

ज्यांची तिकिटे निघाली आहेत त्यांनी ती रद्द करावी असे आम्ही म्हणत नाही. आनंदाने जावे. मात्र उतरण्याचे ठिकाण ठरवताना खोलीतून समुद्र दिसतो का हे विचारतो, तसेच तेथले सांडपाणी कोठे जाते हेही विचारावे. उत्तर न मिळाले तर तेही एक उत्तरच. खोली झाडणाऱ्या बाईचे नाव विचारावे, निघताना तिच्या हाती काही ठेवावे. आणि आदितवार आला तर तेथल्या मंडळीत उपासनेला बसावे. बालीला जाऊन आलेल्या किती जणांना ठाऊक आहे की त्या बेटावर १९३१ साली पहिले बाप्तिस्मे झाले? किंवा बेटाच्या पश्चिमेला ब्लिंबिंगसारी नावाचे ख्रिस्ती गाव आहे, १९३९ साली रान तोडून वसवलेले? ते बायबल वाचतात, आपलेच भाऊबंद आहेत. त्यांच्याकडून बालीच्या पाण्याची आणि भातशेतीची हकीकत ऐकण्यास मिळेल, ती कोणत्याही यादीत नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मोठ्या वर्गातील मुलांकडून बोराकायसाठी नवी प्रश्नपत्रिका करून घ्यावी. पण गुण द्यावयाचे ते बेटाने, पाहुण्यांना. एका मुलाने विहीर व्हावे, एकीने खोल्या झाडणारी बाई, एकाने होडीवाला, एकाने आतींचा म्हातारा. प्रत्येकाने आपला एकेक प्रश्न लिहावा व फळ्यावर मांडावा. मग लूक १०:५-८ सावकाश वाचून, त्यातल्या कोणत्या गोष्टीने कोणाच्या प्रश्नाला उत्तर मिळते, ते मुलांनाच जुळवू द्यावे. विहिरीच्या प्रश्नाला बहुधा वेळ लागेल. तेव्हा यहेज्केल उघडावा.