खेळण्यांचा परिग्रह

अपरिग्रह हा शब्द उच्चारला की संन्याशाचा कमंडलू डोळ्यांपुढे येतो. गृहस्थाच्या घरातील खेळण्यांची टोपली येत नाही. वस्तुतः ज्या घरात लहान मूल आहे, तेथे परिग्रहाचे दर्शन प्रथम त्या टोपलीतच घडते. वाढदिवसाची मोटार, आजोबांनी यात्रेहून आणलेली बाहुली, घरपोच आलेली आगगाडी, यांनी एक टोपली भरते, मग दुसरी येते. घरात पाऊल ठेवावयास जागा उरत नाही, आणि मूल त्या पसाऱ्यात उभे राहून नवे मागतच असते.

अशा वेळी त्रासलेली माता एक सोपा उपाय योजते. मूल शाळेत गेले असता ती निम्मी खेळणी कोणास देऊन टाकते. सायंकाळी मूल नेमका कान तुटलेला लाकडी घोडाच शोधू लागते. ती सांगते, "हरवला असेल, बाळ." घर स्वच्छ झाले, परंतु घरात असत्य शिरले. येथे प्रश्न उभा राहतो : बालकास दिलेली वस्तू त्याच्या हिताकरिता का होईना, त्याच्या नकळत काढून घेणे हा धर्म होय काय?

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. क्लेशाच्या भयाने केलेला त्याग राजस होय. त्याचे फळ मिळत नाही. पसाऱ्याचा त्रास चुकविण्याकरिता मातेने केलेला त्याग या जातीचा आहे. बालकाच्या बाजूने पाहता तर तो त्यागच नव्हे, ते हरण होय. त्यातून मूल सोडावयास शिकत नाही, लपवावयास शिकते.

मग दोष कोणाचा? शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाच्या सहाव्या अंकात चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीच्या गाडीने खेळत नाही; शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिल्यामुळे त्याला तशीच हवी असते. वसंतसेनेचे हृदय द्रवते आणि ती स्वतःचे अलंकार त्या मातीच्या गाडीत भरते. पुढे चारुदत्तावर तिच्या वधाचा खोटा आरोप येतो, तेव्हा न्यायसभेत तेच अलंकार त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतात. हट्ट बालकाचा होता, पण गाडी सोन्याने भरणारे हात मोठ्यांचे होते, आणि ते प्रेमाचे होते. आजही दिवसभर बाहेर राहणारा पिता न दिलेल्या वेळेची भरपाई खेळण्याने करतो. टोपलीत साठते ती बालकाची तृष्णा नव्हे. ती बहुधा मातापित्यांची रुखरुख असते.

म्हणून संयमाचा आरंभ मोठ्यांनी करावा. नवी वस्तू आणण्यापूर्वी मुलाजवळ अर्धा तास बसून पाहावे. पुष्कळदा त्याला हवे असते ते एवढेच. मोजकी खेळणी बाहेर ठेवावीत. जे द्यावयाचे ते मुलास विचारून, त्याच्याच हाताने द्यावे. आणि मोडके देऊ नये, कारण अनादराने दिलेले दान सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. चाक बसवून, पुसून मगच द्यावे. एखादा कान तुटलेला घोडा मूल सोडणार नाही. तो राहू द्यावा.

आणि जो घोडा नकळत दिला गेला, त्याविषयी मातेने मुलास खरे सांगावे. मूल रडेल, परंतु आपल्या घरात खोटे बोलले जात नाही, हेही त्याला कळेल. ते कोणत्याही खेळण्याहून अधिक काळ टिकते.