अखंड डिस्कवरची मानीव सीमा

विंडोज किंवा लिनक्स इन्स्टॉल करायला बसलेल्या माणसाला आधी डिस्कची वाटणी ठरवावी लागते. समोर एक टेराबाइटची कोरी डिस्क असते. त्यातले 200 गीगाबाइट सिस्टिमला, उरलेले फोटोंना आणि कागदपत्रांना. बटण दाबले की एका डिस्कच्या जागी सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसतात. डिस्क तर अखंडच आहे. मग ही वाटणी खरी की नुसती मानलेली?

वाटणी डिस्कवर नोंदवण्याची एमबीआर ही पद्धत 1983 साली पीसी डॉस 2.0 बरोबर आली. तिच्यात सगळी मुख्य वाटणी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या अवघ्या 64 बाइट्समध्ये मावते : 16 बाइट्सची एक, अशा चार नोंदी. कोणता भाग कुठून सुरू होतो आणि किती सेक्टर व्यापतो, हा त्यांतला मुख्य मजकूर. पुढे आलेल्या जीपीटी या पद्धतीत सहसा 128 नोंदींची सोय असते आणि तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. एसएसडीमध्ये तर आतला कंट्रोलर झीज सारखी व्हावी म्हणून माहिती सतत इकडून तिकडे हलवतो. सी कुठे संपतो आणि डी कुठे सुरू होतो, हे चिपवर बोट ठेवून दाखवता येत नाही.

अद्वैत वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांच्या मांडूक्यकारिकेतल्या तिसऱ्या प्रकरणात अशाच मानलेल्या सीमेचा, घटाकाशाचा दृष्टान्त आहे. आकाश एकच, घड्यांमुळे ते वेगवेगळे भासते; तसाच एक आत्मा अनेक जीवांत वेगळा भासतो. यावर शंका येते : आत्मा एक असेल, तर एकाचे सुखदुःख सर्वांना का होत नाही? गौडपाद सांगतात की एका घड्यातल्या आकाशात धूळ आणि धूर भरला, म्हणून बाकीच्या घड्यांतले आकाश मळत नाही.

पार्टिशन करणाऱ्यालाही नेमके हेच हवे असते. विंडोज बिघडले, सी फॉरमॅट करावा लागला, तरी डीवरचे फोटो शाबूत राहतात. लिनक्स वापरणारे अनेक जण स्वतःच्या फायलींचे होम फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर ठेवतात ते याचसाठी. द्रव्यात न सापडणारी सीमा व्यवहारात चोख काम करते. अद्वैताने व्यावहारिक आणि पारमार्थिक सत्तेत केलेला भेद इथे फार उपयोगी पडतो : मानलेली गोष्ट निष्फळ असतेच असे नाही.

मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. आकाश कितीही घड्यांत वाटले तरी कमी पडत नाही. डिस्कवर सीला दिलेला सेक्टर डीला मिळत नाही. सी तुडुंब भरून अपडेट अडते, तेव्हा शेजारचा डी अर्धा रिकामा असू शकतो.

आणि ही सीमा पाळतो कोण? तक्ता वाचणारे सॉफ्टवेअर. हार्ड डिस्कचे हेड तबकडीवर घासले किंवा एसएसडीचा कंट्रोलर जळला, तर सी आणि डी एकदमच जातात. डीवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप, या समजुतीची गल्लत इथे आहे. व्यवहारापुरत्या सीमेकडून द्रव्याच्या नाशापासून रक्षणाची अपेक्षा केली जाते, आणि ते रक्षण फक्त दुसरी, खरोखर वेगळी डिस्कच करू शकते.