मागचं चाक

पहिल्या दिवशी मी पंखा लावायला विसरले. जुलैची पहाट, बाहेर पावसाची झड, हवेत गारवा; पंख्याची आठवण होण्याचं काही कारणच नव्हतं. दहाव्या मिनिटाला हनुवटीवरून घामाचा पहिला थेंब सायकलच्या दांडीवर पडला. विसाव्या मिनिटाला मी उतरून फरशी पुसत होते.

एरवी मी रविवारी पहाटे खडकवासल्यापर्यंत जाऊन येणारी. यंदा दोन्ही टायर नवे घातले आणि त्याच आठवड्यात पावसानं ठाण मांडलं. पाण्याखालचा खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळतं, आणि बावन्नाव्या वर्षी हे ज्ञान महागात पडतं. भाच्याकडे एक ट्रेनर धूळ खात पडला होता, तो उचलून आणला. प्रकार साधा आहे. लोखंडी स्टँडमध्ये मागच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी आवळायचा आणि टायरला एक रोलर घट्ट टेकवायचा. रोलरला जोडलेल्या धातूच्या चकतीजवळ चुंबक आणला की पेडल जड होतं, लांब नेला की हलकं. मागचं चाक थोडं उचललं जातं, म्हणून पुढच्या चाकाखालीही काहीतरी लागतं. मी दोन जाडजूड दिवाळी अंक ठेवले. (संपादकांनी क्षमा करावी, वाचून झाले होते.)

तर घाम. खाल्लेल्या अन्नातली जी ऊर्जा आपण सायकल चालवताना खर्च करतो, तिच्यातली जेमतेम पाव पेडलपर्यंत पोचते. उरलेल्या पाऊण हिश्शाची उष्णता होते. फोनवरच्या अ‍ॅपच्या हिशेबानं मी साधारण शंभर वॉटनं पेडल मारते. म्हणजे त्याच वेळी मी तीनशे वॉटचा हीटर होऊन हॉलमध्ये बसलेली असते. रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरनं जाताना वारा ही उष्णता परस्पर उचलून नेतो. घाम तिथंही येतोच, आपल्याला दिसत नाही इतकंच. घरात वारा नाही. मग शरीर गारव्यासाठी जास्त रक्त कातडीकडे पाठवतं, पायांची मागणी कमी झालेली नसते, आणि दोघांना पुरं पडायला हृदय धावतं. पेडल तेच, जोर तोच, ठोके मात्र वर. तो आकडा बघून आज झकास कार्डिओ झाला म्हणणं म्हणजे उकाडा व्यायामात मोजणं. मी चार दिवस तेच करत होते. टेबलफॅन समोर ठेवला आणि ठोके दहा-बारांनी खाली आले.

या शंभर वॉटनी मला आणखी एक हिशेब शिकवला. छताचा जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो. म्हणजे मी तासभर राबले तर फार तर तो पंखा आणि वर दोन एलईडी दिवे चालतील. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे माझे दहा तास. हे कळल्यापासून रिकाम्या खोलीतला दिवा बंद करायला मी पुन्हा उठून जाते.

पण मला खरं वरमवलं ते उतारानं, म्हणजे उतार नसण्यानं. रस्त्यावर पाय थांबवले की सायकल पुढं जात राहते आणि मागच्या चाकातून बारीक टिकटिक येते. तो आवाज मला फार आवडतो. ट्रेनरवर पाय थांबले की दोन-चार टिकटिकींत चाक गप्प. इथं सिग्नल नाही, पुलावरून उतरणं नाही, ट्रकच्या मागं मिळणारा आडोसा नाही, टपरीवरचा चहा तर नाहीच. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. मग एका उघडिपीच्या रविवारी मी नेहमीच्या रस्त्यावर जाऊन पाय किती वेळ खरोखर फिरतात ते मुद्दाम मोजलं. दोन तासांच्या फेरीत एक तास पाच मिनिटं! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि त्यातली एकशेवीस रविवारीच उरकतात असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. मध्यम म्हणजे किती, याची खूण सोपी आहे: बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. परतीच्या उतारावर मी बहुतेक वेळ गातच आलेली असते.

जागच्या जागी फिरवलेलं चाक खरं किती कामाला येतं, याची मला मॅथ्यू हेमनमुळे खात्री पटली. हा ऑस्ट्रेलियाचा सायकलपटू. फेब्रुवारी 2016 मध्ये बेल्जियममधल्या शर्यतीत पडून त्याचा हात मोडला. त्याच्या आवडीची पॅरिस-रूबे शर्यत सहा आठवड्यांवर होती. अडीचशे किलोमीटरहून लांब, आणि त्यात मैलोन्‌मैल दगडी फरसबंदीचे रस्ते. हात प्लास्टरमध्ये असताना तो घरी गॅरेजमध्ये ट्रेनरवर बसला. 10 एप्रिलला शेवटच्या फेरीत त्यानं ही शर्यत चार वेळा जिंकलेल्या टॉम बोनेनला मागं टाकलं. अर्थात त्याचे पाय आधी कित्येक वर्षं शर्यतींत मुरलेले होते, हे विसरून आपण गॅरेज शोधायला लागू नये.

आणि ट्रेनर काय देत नाही तेही सांगायला हवं. तो तोल शिकवत नाही. महिनाभरानं मी रस्त्यावर गेले तर पहिल्या वळणाला हँडल थरथरलं, आणि मागून आलेल्या रिक्षाच्या हॉर्ननं दचकले. शिवाय रस्त्यावर खड्डा आला की आपण नकळत सीटवरून उठतो, इथं उठायला कारण नसतं. तेव्हा दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून अर्धं मिनिट उभं राहावं, नाहीतर बसायची जागा दोन दिवस बोलते. आवाजही होतो. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठून विचारलं, ‘‘वहिनी, पिठाची गिरणी काढलीत का?’’ आता खाली जुनी सतरंजी दुहेरी घातली आहे आणि सहाच्या आत मी बसत नाही.

परवा ब्रेक आवळून घ्यायला सायकल दुकानात नेली. तिथल्या मुलानं मागचा टायर दोन बोटांनी चाचपला. रोलरनं तो मधोमध पट्टीसारखा सपाट करून टाकलाय. माझ्या फरशीवर रोज पडणारी काळी भुकटी त्याचीच. मग त्यानं पुढचा बघितला. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात ना, ते त्यावर अजून बरेचसे तसेच उभे होते. त्यानं एकदा सायकलकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं.

‘‘ताई, नुसत्या मागच्या चाकावर चालवता का?’’

मी हो म्हटलं. मागचा टायर बदलून घेतला, पुढचा तोच ठेवलाय.